पंपाचा आवाज

तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला तेव्हा फरंगीसचं लक्ष काट्याकडे नव्हतं, नजीबाच्या डाव्या पायाकडे होतं. नजीबा तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, त्रेचाळीसची. गाडीच्या परीक्षेत चार वेळा नापास झालेली, आणि चारही वेळा ह्याच पायानं घात केलेला. क्लच सोडायचा तो एकदम, तापल्या फरशीवरून अनवाणी पाय उचलावा तसा. शनिवारी सकाळी आठला पाचवी परीक्षा होती. गुरुवारचे अकरा वाजले होते, अहवाझ शहरातल्या रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं, आणि फरंगीस शेजारच्या सीटवर बसून, शिकवणाऱ्यासाठी बसवलेल्या दुसऱ्या पेडलांवर पाय अधांतरी धरून, शंभराव्यांदा सांगत होती की हळू, हळू सोडा. तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ वर आली. नजीबानं दोन्ही हात चाकावरून उचलले आणि म्हणाली, "मी केलं. बाई, मी काय केलं?" फरंगीसनं आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, हात लांब करून चाक वळवलं, गाडी कडेला घेतली. तिथपर्यंत सगळं नीट झालं. मग काट्याकडे पाहिल्यावर तिच्या तोंडून निघालं, "किती वेळ वर होता तो? डोळे आहेत ना तुला? तुझ्यासारखीच्या हातात गाडी द्यायची कुणी?" तीन महिने ती नजीबाला 'तुम्ही' म्हणत आली होती.  नजीबाचा नवरा वेल्डिंगचं काम करायचा, त्याचे डोळे अधू होत चालले होते, आणि दर आठवड्याला त्याला इस्पितळात न्यायला घरात कुणीतरी गाडी चालवणारं हवं म्हणून ही शिकत होती. 'डोळे आहेत ना' हे वाक्य कुठे जाऊन लागलं असेल ते फरंगीसला उच्चारतानाच कळलं आणि तरी ते थांबवता आलं नाही. नजीबा उतरली, सावलीला गेली, आणि परत येऊन आपली पाण्याची बाटली तिच्यापुढे धरून उभी राहिली. गाडीला घाला म्हणून.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नये एवढं फरंगीसला कळत होतं. हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी सासऱ्यानं सांगितलं होतं आणि सांगताना कोपरावरचा जुना भाजल्याचा डाग दाखवला होता. त्यानंतर त्यानं तिला गाड्यांबद्दल काही सांगितलं नाही, हत्यारांच्या पेटीला तर हातही लावू दिला नाही. नजीबाला टॅक्सीत बसवून दिल्यावर तिनं अर्धा तास वाट पाहिली, थंड झाल्यावर पाणी घातलं, आणि दोन मिनिटं चालव, बंद कर, पंधरा मिनिटं थांब, अशी रखडत रखडत गाडी घरी आणली. वाटेत गॅरेजांची एक अख्खी रांग लागते. ती तिथे थांबली नाही. मागच्या वसंतात थांबली होती, तेव्हा तिथल्या माणसानं आधी घरात कुणी पुरुष नाही का असं विचारलं होतं, आणि मग गाडीचा आजार तिला न सांगता, शेजारी टायर बदलून घेणाऱ्या एका परक्या गिऱ्हाइकाला समजावून सांगितला होता. ते गिऱ्हाईकही मान डोलवत होतं. आणि आता उद्या शुक्रवार, सुट्टीचा दिवस, सगळं बंद, शनिवारी नऊशिवाय कुणी बॉनेटही उघडणार नाही. नजीबाच्या पायाला दुसऱ्या गाडीचा क्लच माहीत नव्हता. म्हणजे शनिवारच्या आत ही गाडी बरी करायची, आणि ती आपणच करायची. हे ठरवताना तिला धीर वगैरे काही वाटला नाही. राग आला. हल्ली कुठलीही गोष्ट ठरवताना तिला आधी राग यायचा. गॅस पेटवताना, किल्ली शोधताना, म्हाताऱ्याच्या गालावरचा साबण पुसताना. पोटात कुठेतरी तो सारखा मंद आचेवर असायचा आणि ती त्याला काही नाव देत नव्हती.

म्हातारा म्हणजे खुदामुराद, तिचा सासरा. डोंगरातून खाली आलेला बख्तियारी जमातीचा माणूस, चौतीस वर्षं तेलखात्याच्या गाडीखान्यात मिस्त्री. इंजिनाला हात न लावता, नुसतं दोन हात लांब उभं राहून तो रोग सांगायचा, असं त्याचे दोस्त अजून सांगतात. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला आणि उजवं अंग गेलं. पाय ओढत चालता येतं, हात मात्र मांडीवर ठेवला तर तिथेच राहतो. त्याचा मुलगा बहमन, फरंगीसचा नवरा, सहा वर्षांपूर्वी जर्मनीला गेला. वर्षभरात बोलावून घेतो म्हणाला होता. मग दोन वर्षं म्हणाला, मग कागदपत्रं अडलीत म्हणाला, मग फक्त नवरोजच्या सणाला आवाज रेकॉर्ड करून पाठवायला लागला, ज्यात पाठीमागे भांड्यांचा आवाज यायचा. गेल्या हिवाळ्यात एका चुलत नणंदेच्या फोनवर तिनं चुकून एक फोटो पाहिला: बहमन, एक सोनेरी केसांची बाई, आणि तिच्या कडेवर बहमनच्याच कपाळाचं पोर. म्हाताऱ्याला तिनं ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, चहा कर. लोक तिला म्हणायचे, तुझ्यासारखी सून लाखात एक. हे ऐकलं की तिचे दात एकमेकांवर घट्ट बसायचे.

शुक्रवारी सकाळी सहाला तिनं अंगणात गाडीचं बॉनेट उघडलं. बोरीच्या झाडाची सावली नऊपर्यंत गाडीवर राहते, तेवढ्यात काय ते उरकायचं होतं. म्हातारा तिच्या आधीच बाहेर येऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. तिची अपेक्षा होती की आता तोंडाचा पट्टा सुरू होईल, हे असं धरतात का, पाना आहे तो, पळी नाही. पण तो काही बोलला नाही. तिनं झाकण उघडलं: पाणी बोटभर खाली. म्हणजे कुठून तरी जातंय, पण इंजिन उकळावं इतकं काही गेलेलं नाही. पाणी भरलं, इंजिन सुरू केलं, आणि काट्यावर नजर ठेवून वाट पाहत राहिली. काटा चढला. मध्य ओलांडून वर गेला, पण रेडिएटरपुढचा पंखा फिरेना. तिला वाटलं, सापडलं. इंजिन बंद करून तिनं पंख्याची वायर काढली, दोन तुकडे जोडून सरळ बॅटरीला लावली, आणि पंखा एवढ्या जोरात फिरला की तिच्या रुमालाचं टोक उडून तोंडावर आलं. पंखा बरा होता. मग त्याला फिरायचा हुकूम का मिळत नाही? तिनं हात चिंधीत गुंडाळून वरच्या रबरी नळीला लावला: हात टेकवत नव्हता. खालच्या नळीला लावला: गार. जवळजवळ गार. इंजिन इकडे उकळतंय आणि रेडिएटर बिचारा कुणी बोलावलंच नाही म्हणून बसून राहिलाय. पाणी तिथपर्यंत पोचतच नव्हतं. पंखा तरी कशाला फिरेल? तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो बोरीच्या फांद्यांकडे पाहत होता.

पाणी अडवणारी पहिली वस्तू थर्मोस्टॅट. पाणी तापलं की उघडणारी, इंजिनाच्या तोंडावरची ती छोटी झडप. फरंगीसनं हे सगळं शिकवण्याच्या परवान्यासाठी पाठ केलं होतं, पुस्तकातल्या चित्रावरून, आणि चित्रात सगळे बोल्ट सहज दिसतात. खरं इंजिन वेगळं होतं. एका बोल्टपाशी पोचायला तिला मनगट असं वाकवावं लागलं की कोपरापर्यंत कळ गेली, आणि बोल्ट निसटून खाली कुठेतरी पडला, तो शोधायला ती पाठीवर आडवी झाली. जमीन सकाळी सातलाच तापलेली होती. आडवं पडल्या पडल्या तिला बहमन आठवला, तो कधी गाडीखाली आडवा झाल्याचं आठवेना. बापानं त्याला शिकवायचा प्रयत्न केला होता, पण त्याला हाताला तेल लागलेलं आवडायचं नाही. शिकवायचं होतं तर मला शिकवायचं होतं. तेवीस वर्षांची होते मी, दारात उभी राहून बघत असायचे आणि हा म्हातारा म्हणायचा, आत जा, ऊन लागेल. थर्मोस्टॅट काढून तिनं स्वयंपाकघरात नेला, पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडला आणि वाकून पाहत राहिली. पाणी उकळायच्या आधीच झडप हळूच उघडली, एखाद्या शिंपल्यासारखी. तीही बरी होती. म्हातारा पाय ओढत दारापर्यंत आला, पातेल्यात डोकावला आणि म्हणाला, "माझ्या चहाचं भांडं ते." सकाळपासूनचं हे त्याचं पहिलं वाक्य. तिनं पातेलं तसंच मोरीत ओतलं.

आता राहिला पंप. तिनं पट्टा सैल करून काढला, पंपाची पुली दोन्ही हातांत धरली आणि हलवली. ती हलली. जशी हलायला हवी तशी गोल नाही, तर आडवी, पुढेमागे, किडलेल्या दाढेसारखी. आतून दगड दळल्यासारखी खरखर आली. पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकाशी गंजाच्या रंगाचा एक ओघळ वाळून कडक झाला होता. तो काल-परवाचा नव्हता. तिला वाईट वाटायच्या आधी समाधान वाटलं. इतका साधा, इतका उघडा पुरावा, आणि तो तिनं स्वतः शोधला होता, कुणा परक्या गिऱ्हाइकाच्या साक्षीशिवाय. मग ध्यानात आलं की आज शुक्रवार आहे.

"पंप गेलाय," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान हलवली.

"उद्या आठच्या आत पंप कुठून आणू मी? सगळी दुकानं बंद." हे तिनं त्याला विचारलंच नव्हतं, कुणालाच विचारलं नव्हतं, पाना गाडीच्या छपरावर आदळून ती आत जायला निघाली होती.

"माझ्या पलंगाखाली बघ," तो म्हणाला. "भिंतीकडच्या बाजूला."

पलंगाखाली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला, एक पुठ्ठ्याचा खोका होता. आत तेलकट कागदात नवा पंप, ह्याच गाडीचा, कागदी पॅकिंगसकट. वर दुकानाची पावती चिकटवलेली. तारीख साडेतीन आठवड्यांपूर्वीची. ती गुडघ्यांवर होती. खोलीत त्याच्या औषधांचा आणि गुलाबपाण्याचा वास होता. तिला आठवलं, साधारण त्याच दिवसांत त्याचा गाडीखान्यातला एक जुना दोस्त भेटायला आला होता, हातात केळ्यांची पिशवी. केळी तिनं ताटात मांडली होती. पिशवी त्यानं स्वतः आत नेली होती, तो एक पाय ओढत, आणि तिला वाटलं होतं, चला, हालचाल करतोय तेवढीच. मग आणखी एक गोष्ट आठवली आणि तिचे कान गरम झाले. त्याच आठवड्यात, दुपारी, म्हातारा झोपलाय असं समजून तिनं स्वयंपाकघरातून इस्फहानला बहिणीला, माहरुखला फोन केला होता. चौथ्या पुलापलीकडच्या वृद्धांच्या घरात अर्ज दिलाय म्हणाली होती, जागा झाली की त्यांना तिथे ठेवते आणि गाडी घेऊन सरळ तुझ्याकडे येते. माहरुख रडली होती. ती स्वतः रडली नव्हती.

खोका घेऊन ती अंगणात आली. "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"पट्ट्यामागे किरकिर सुरू झाली तेव्हापासून. सकाळी तू गाडी सुरू करतेस, तेव्हा पहिली दहा सेकंदं. मग थांबते."

"आणि बोलला नाहीत."

"बोलणार होतो. सोमवारी पंप आला. मंगळवारी तू फोनवर बोललीस." तो सगळं मिस्त्रीसारखं सांगत होता, कुठल्या दिवशी काय झालं ते क्रमानं, आवाज न चढवता. "इस्फहान लांब आहे. गाडीशिवाय तू निघाली नसतीस. म्हटलं, हा पंप जाईल तेवढे दिवस जाऊ दे, मग गाडी इथेच राहील."

तिच्या डोळ्यांपुढून ते साडेतीन आठवडे गेले. रोज चार बायका, कधी पाच. अंदिमेश्कच्या रस्त्यावर ट्रकांच्या मधून, चाक नवशिक्या हातात, आणि पुढे हा पंप. ती म्हणाली की हमरस्त्यावर इंजिन जाम झालं असतं तर काय, नजीबा असती चाकावर, तर काय. तिचा आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थबकली. म्हातारा म्हणाला की जाम झालं नसतं, रोज सकाळी मी खिडकीशी बसून ऐकत होतो, अजून पंधरा दिवस तरी गेले असते, काल एवढं ऊन नसतं तर. ह्यात त्याला काही चुकल्यासारखं वाटतच नव्हतं. उलट थोडा हिशेब चुकल्याची चुटपुट होती. तिच्या जिवाला, तिच्या पोटापाण्याला कान लावून हा माणूस रोज सकाळी खिडकीत बसत होता, आणि ती बाहेर जाताना हात हलवून सांगून जायची की भाकरी झाकून ठेवलीय. दोन वर्षं तिनं त्याची नखं कापली होती. मेलेल्या हाताची नखं जिवंत हातापेक्षा हळू वाढतात, हे जगात किती बायकांना माहीत असेल?

"आणखी काय काय माहीत आहे तुम्हाला," ती म्हणाली, "जे मला माहीत नाही?"

हे ती नुसतं टोचायला म्हणाली होती. तिला उत्तर नको होतं. पण म्हाताऱ्यानं नजर खाली घेतली आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, मग पुन्हा उचलून पुन्हा ठेवला. फरंगीस अकरा वर्षं माणसांना गाडी शिकवत होती. माणूस काय करणार हे त्याच्या तोंडाआधी त्याच्या हातापायांत दिसतं. तिला काहीतरी दिसलं, आणि तिनं ते पाहायचं नाकारलं. ती इंजिनाकडे वळली.

जुना पंप काढायला तास गेला. ऊन बोरीच्या फांद्या ओलांडून बॉनेटवर आलं होतं, लोखंडाला हात लागला की चटका बसत होता. एक बोल्ट काही केल्या हलेना. म्हातारा उठून जवळ आला, त्याच्या पेटीतला लांब पाइपाचा तुकडा त्यानं डाव्या हातानं तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, पान्याच्या दांडीला हा लाव, खालून वर ओढ, झटका नको. बोल्ट किंचाळला आणि सुटला. त्यानंतर तो खुर्चीत गेला नाही. गाडीला टेकून उभा राहिला आणि तिनं हात पुढे केला की डाव्या हातानं नेमका हवा तो पाना ठेवत राहिला. दहाचा, मग बाराचा. जुनं पॅकिंग धातूला करकचून बसलं होतं, ते तिनं स्वयंपाकघरातल्या सुरीनं खरवडलं. तो म्हणाला, धातूवर ओरखडा नको, ओरखड्यातून पाणी येतं. तिनं खरवडलं, फुंकर मारली, पुन्हा खरवडलं. राग हातात उतरला की काम किती नीट होतं ह्याचं तिला आश्चर्य वाटत होतं. लांब बोल्ट खाली, आखूड वर, समोरासमोरचे दोन दोन घे, एकच एकदम आवळू नको. तो सांगत होता आणि ती करत होती, आणि दोघांपैकी कुणी दुसऱ्याकडे पाहत नव्हतं. सतरा वर्षांपूर्वी हे शिकवलं असतं तर कदाचित तिला तो आवडला असता, असं तिच्या मनात आलं, आणि त्यासाठीही तिनं त्याला माफ केलं नाही.

पाणी भरलं, इंजिन सुरू केलं. म्हातारा म्हणाला, हीटर लाव, पूर्ण. आतली हवा निघायला पाहिजे. सावलीत अठ्ठेचाळीस अंश असताना तिनं गाडीत बसून हीटर लावला आणि तोंडावर भट्टी उघडल्यासारखी झळ आली, घाम डोळ्यांत उतरला, ओठांवर खारट झाला. ती हटली नाही. रेडिएटरच्या तोंडातून बुडबुडे आले, फुटले, पाण्याची पातळी गपकन खाली गेली, तिनं उतरून आणखी ओतलं. दहा मिनिटांनी तिनं खालच्या नळीला हात लावला. गरम. मग कुणी काही न करता, आपल्या आपण, पंखा फिरायला लागला. काटा मध्यावर येऊन थांबला आणि थांबूनच राहिला. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. "झालं," तो म्हणाला.

तिनं अंघोळ केली, दोन तास पडून राहिली, झोप लागली नाही. पाचच्या सुमाराला गाडी रस्त्यावर फिरवून पाहायची म्हणून ती किल्ली घेऊन बाहेर आली तेव्हा म्हातारा दारापाशी उभा होता. अंगात तपकिरी कोट, लग्नाकार्याला घालायचा तो. एका हातानं तो चढवायला त्याला किती वेळ लागला असेल. बटणं एक घर चुकून लागली होती. दाढीही त्यानं स्वतःच, तिला न सांगता केली होती, हनुवटीखाली एक पट्टा राहून गेला होता. खांद्याला कापडी पिशवी.

"हे काय?"

"गाडी फिरवायचीच आहे ना. चौथ्या पुलावरून घे." तो तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होता. "पिवळी भिंत आहे म्हणे. दोस्ताला विचारून ठेवलंय."

तिच्या तोंडाशी आलं की मी तुम्हाला आज न्यायचं ठरवलेलं नाही, आधी आत जा. पण तो अशा थाटात उभा होता की जणू काही तिच्यावर उपकार करतोय, तिचं अवघड काम आपण होऊन हलकं करतोय, आणि त्या कोटाची, त्या चुकलेल्या बटणांची तिला इतकी चीड आली की ती म्हणाली, बसा. तिनं ठरवलं, पुलावरून नेते, पिवळ्या भिंतीसमोरून भरधाव नेते, दाखवते, आणि परत आणते. बघू दे एकदा. तो शिकवणाऱ्याच्या सीटवर बसला. पुलाखाली कारून नदी आटून मधोमध वाळूचं बेट झालं होतं. काटा हलला नाही. पुलापलीकडे रस्ता मोकळा होता, तिनं चौथा गिअर टाकला, पिवळी भिंत दिसायला लागली, लोखंडी फाटक दिसलं, आणि ती वेग कमी न करता पुढे निघाली तेवढ्यात गाडीला असा हिसका बसला की तिची छाती चाकावर आदळली. इंजिन बंद पडलं. मागून येणारा शिव्या देत बाजूनं गेला. म्हाताऱ्यानं डाव्या पायानं दुसरा ब्रेक दाबून धरला होता. ह्या गाडीत तिच्यावर आजवर कुणी ब्रेक मारला नव्हता.

"दुसऱ्या वर्षी," तो म्हणाला.

"काय?"

"सकाळी विचारलंस ते. बहमननं मला दुसऱ्या वर्षी सांगितलं. नवरोजच्या आधी. तिकडे घर केलंय म्हणाला. तिला तुम्हीच सांगा म्हणाला, माझी जीभ रेटत नाही. मी म्हटलं, सांगतो." त्याचा पाय अजून ब्रेकवरच होता. "नाही सांगितलं. तू निघून गेली असतीस."

दुसरं वर्ष. म्हणजे ती छत्तीसची होती. गाडीत हवा बंद होती आणि काचेतून ऊन आत येत होतं, आणि तिला त्या चार वर्षांतल्या अगदी फालतू गोष्टी आठवायला लागल्या. दर नवरोजला केस रंगवले, कारण बहमन अचानक आला तर. इस्फहानमध्ये माहरुखनं तिच्यासाठी शाळेत नोकरी ठरवली होती, ती नाकारली, कारण बहमन आला आणि घर बंद दिसलं तर. परीक्षा घेणारा एक साधा, बायको गेलेला माणूस होता, डोक्यावर टक्कल, बोलताना स्वतःच्याच विनोदाला आधी हसणारा. त्यानं एकदा कागदावर सही करता करता मान वर न करता लग्नाचं विचारलं होतं, आणि ती ताठ आवाजात म्हणाली होती, माझा नवरा येणार आहे. त्या दिवशी घरी येऊन तिनं हे म्हाताऱ्याला अभिमानानं सांगितलं होतं. तो काय म्हणाला होता?  डाळिंब सोलत होता. एक वाटीभर दाणे त्यानं तिच्यापुढे सरकवले होते.

 ती उतरली, गाडीला वळसा घालून आली, त्याच्या बाजूचं दार उघडलं. त्याचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर जमिनीवर ठेवला, नेहमी ठेवायची तसाच. पिशवी घेतली. त्याला दाराला धरून उभं केलं आणि रस्ता ओलांडून फाटकाची घंटा दाबली, आणि कुणी येईना तेव्हा दाबून धरली. आतून एक पहारेकरी आला, हातात कलिंगडाची फोड, मनगटावरून रस ओघळतोय.

त्यानं ऐकून घेतलं. आज शुक्रवार आहे म्हणाला, कार्यालय बंद, साहेब नाहीत. उद्या या, नऊनंतर. ती म्हणाली, अर्ज दिलेला आहे. तो म्हणाला, असेल, पण माणूस लिहून घ्यायला माणूस लागतो. मग त्याची नजर गाडीच्या छपरावरच्या पाटीवर गेली. तुम्ही शिकवता का गाडी, माझी बायको किती दिवस मागे लागलीय, बायकांना शिकवणारी बाईच हवी म्हणते. फरंगीसनं त्याला फोन नंबर सांगितला. का सांगितला, हे तिला पिशवी हातात घेऊन परत फिरताना कळेना. तिच्या अंगातून इतका मोठा राग निघून फाटकापर्यंत गेला होता आणि तिथे त्याला कलिंगड खाणारा माणूस भेटला होता.

म्हातारा उन्हात तसाच उभा होता, दाराची कड धरून. "काय म्हणाला?"

"उद्या या म्हणाला."

"मग उद्या येऊ."

"उद्या मला वेळ नाही. आठला परीक्षा आहे, मग दोन शिकवण्या आहेत."

"परवा." तो अगदी समजूतदारपणे म्हणाला. त्या समजूतदारपणानं तिचा शेवटचा ताबा सुटला, पण आवाज आला तो हळू.

"कधी यायचं ते मी ठरवीन," ती म्हणाली. "यायचं की नाही तेही मीच. मी कुठे राहायचं, कधी जायचं, मला काय माहीत असलेलं बरं, हे चार वर्षं तुम्ही ठरवलंत. आता कोट घालून, पिशवी घेऊन हेही तुम्हीच ठरवणार? नाही चालायचं. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. पण ठरवणार मी."

त्यानं मान हलवली. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. सतरा वर्षांत हे शब्द त्यानं तिला कधी म्हटले नव्हते, आणि आता ते कशाच्याही उपयोगाचे नव्हते. तिनं त्याला बसवलं, पाय आत घेतला, हात मांडीवर ठेवला आणि दार गरजेपेक्षा जोरात लावलं.

परतताना पुलावर गर्दी होती, गाडी इंच इंच सरकत होती, आणि अशाच वेळी इंजिन तापतं. काटा हलला नाही.  घराजवळच्या नानवाईच्या दुकानापाशी बायकांची रांग होती. तिनं गाडी थांबवली, कारण घरात भाकरी नव्हती, आणि रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या पुढच्या बाईनं तिच्या नखांतलं काळं तेल पाहून नजर वळवली. रांग संपली. भट्टीमागच्या माणसानं कपाळ पुसत विचारलं, "किती?"

माहरुख म्हणाली होती, फक्त स्वतःचा विचार कर, एकदा तरी. फरंगीसनं तोंड उघडलं, क्षणभर थांबली, मागच्या बाईनं कोपरानं ढोसलं.

"दोन," ती म्हणाली. आणि दोन म्हणाली म्हणून तिला इतका संताप आला की उघड्या हातांवर घेतलेल्या त्या भाजणाऱ्या भाकऱ्या तिनं गाडीपर्यंत चटका चुकवायला एकदाही सरकवल्या नाहीत.